दोष कोणाचा आणि दायित्व कोणाचे?

गेल्या कार्तिकात दूरच्या गावाहून कुलदेवतेच्या दर्शनास आलेल्या एक भगिनी आपल्या देवस्थानच्या भक्तनिवासात दोन दिवस उतरल्या होत्या. बरोबर त्यांचा सव्वीस वर्षांचा मुलगा होता. आरतीस आरंभ झाला की तो घंटेखाली जाऊन उभा राही आणि आरती संपेपर्यंत घंटा वाजवी. त्याचा ठेका एकदाही चुकला नाही. पण कोणी नाव विचारले की तो मान फिरवी, हाताची बोटे चावू लागे आणि आईच्या पदराआड होई. अक्षरओळख त्यास झालेली नाही. पैशांचा हिशेब त्यास कळत नाही. पूर्वी अशा मुलास मतिमंद म्हणत. आता कायद्याने व सौजन्यानेही बौद्धिक दिव्यांग असे म्हणतात.

दुसऱ्या दिवशी शेजारतीनंतर त्या भगिनी आमच्याजवळ येऊन बसल्या. त्यांनी जे सांगितले ते त्यांच्याच अनुमतीने, गाव व नाव वगळून, येथे देत आहोत.

"काका," त्या म्हणाल्या, "पंचवीस वर्षे मी देवाला एकच विचारले, माझे काय चुकले? यंदा डॉक्टरांनी रक्त तपासले आणि कारण सांगितले. ते माझ्या माहेराहून आले आहे. माझ्या धाकट्या बहिणीच्या रक्तातही ते आहे आणि तिच्या मुलीच्या रक्तात असण्याचा संभव निम्मा आहे. त्या मुलीचे लग्न ठरले आहे. बहीण म्हणते, ताई, अक्षता पडेपर्यंत तोंड उघडू नकोस. सांगावे तर भाचीचे लग्न मोडेल. न सांगावे तर उद्या ती माझ्यासमोर येऊन विचारील, मावशी, तुला ठाऊक होते ना?"

आम्ही त्या वेळी उत्तर दिले नाही, कारण देण्याजोगे उत्तर आमच्यापाशी नव्हते. पुढे आम्ही या विषयातील जाणत्या डॉक्टरांस विचारले, काही वाचले, पुष्कळ विचार केला. त्या विचाराचे फलित सभासद कुटुंबांपुढे ठेवावे असे वाटते. कारण हा प्रश्न एका घराचा नाही. ज्या घरात तो नाही असे आपण समजतो, तेथेही तो माजघरात झाकून ठेवलेला असू शकतो.

प्रथम कारण समजून घेऊ. या मुलाच्या विकारास फ्रॅजाइल एक्स असे नाव आहे. वंशपरंपरेने येणाऱ्या बौद्धिक दिव्यांगतेची जी कारणे ज्ञात आहेत त्यांत हे सर्वांत अधिक आढळणाऱ्यांपैकी एक होय. सन १९४३ मध्ये इंग्लंडमधील मार्टिन व बेल या दोन संशोधकांनी एका कुटुंबाची वंशावळ प्रसिद्ध केली. त्या कुटुंबातील अकरा पुरुष बौद्धिक दिव्यांग होते आणि दोष मातांकडून मुलांकडे उतरत असल्याचे दिसत होते. १९६९ मध्ये हर्बर्ट लब्ज या अमेरिकी शास्त्रज्ञास अशाच एका कुटुंबातील व्यक्तींच्या एक्स गुणसूत्राच्या टोकाशी तुटल्यासारखी एक बारीक फट दिसली. त्यावरून 'फ्रॅजाइल', म्हणजे भंगुर, हे नाव पडले. १९९१ मध्ये त्यामागील जनुक सापडले आणि कोडे उलगडले.

छापखाने येण्यापूर्वी पोथ्यांच्या नकला हाताने होत, हे आपल्या वडीलधाऱ्यांस ठाऊक आहे. समजा, एखाद्या पोथीत तीनच अक्षरे पुनःपुन्हा, सुमारे तीस वेळा, लिहिलेली आहेत. नक्कल करणाऱ्याचे मोजण्यात लक्ष चुकले तर तो तीसऐवजी साठ वेळा लिहील. त्यावरून नक्कल करणारा पुढचा नव्वद वेळा, त्या पुढचा चारशे वेळा. आपल्या देहातील जनुक ही अशीच एक पोथी आहे आणि प्रत्येक पिढीत तिची नवी नक्कल होते. या जनुकात सी-जी-जी अशी तीन अक्षरे ओळीने येतात. पंचेचाळिसाच्या आत आवर्तने असली तर चिंता नाही. पंचावन्न ते दोनशे असली तर तो मनुष्य वाहक होय. त्याची बुद्धी सामान्यतः शाबूत असते. दोनशेच्या पुढे गेली म्हणजे शरीर त्या पानावर जणू मोहोर ठोकून ते बंद करते. मेंदूतील मज्जापेशींच्या सांध्यांस जे प्रथिन हवे असते ते मग तयार होत नाही आणि बुद्धीचा विकास खुंटतो.

आता हा दोष कोणत्या वाटेने चालतो ते पाहावे. पुरुषाच्या ठायी एक्स गुणसूत्र एकच असते आणि ते तो फक्त कन्येस देतो. पुत्रास वाय देतो. म्हणून वाहक पित्याच्या सर्व कन्या वाहक होतात आणि एकही पुत्र होत नाही. शिवाय पित्याकडून येताना आवर्तनांची संख्या दोनशेपार जात नाही. मातेकडून जाताना मात्र ती वाढू शकते, आणि मातेची संख्या शंभराच्या जवळ असली तर ते बदललेले गुणसूत्र ज्या अपत्यास मिळेल त्यास पूर्ण विकार होणे जवळजवळ निश्चित असते. मातेच्या दोन एक्सपैकी कोणते अपत्याच्या वाट्यास यावे हे नाणेफेकीसारखे आहे. मुलीस हा पूर्ण दोष मिळाला तरी तिच्यापाशी दुसरे एक्स असल्याने सुमारे निम्म्या मुलींच्या बुद्धीवर विशेष परिणाम होत नाही. मुलास तो आधार नसतो.

त्या भगिनींची कथा या दृष्टीने पुन्हा वाचली म्हणजे मन थक्क होते. त्यांचे वडील, घरातील सर्वांचे अप्पा, विद्वान गृहस्थ होते. सत्तरीनंतर त्यांचे हात कापू लागले, चालताना तोल जाऊ लागला. सर्वांनी म्हटले, वय झाले. वस्तुतः वाहक पुरुषांपैकी अनेकांस उतारवयात असा कंप होतो, हे वैद्यकास २००१ मध्ये प्रथम उमगले. धाकट्या बहिणीचा मासिक धर्म चाळिशीच्या आतच बंद झाला. सुमारे पाच वाहक स्त्रियांपैकी एकीस असे होते. आई अद्याप हयात आहेत, त्यांच्या रक्तात दोष नाही असे ठरले. म्हणजे तो अप्पांकडून आला. ज्या अप्पांच्या पायांवर सारे गाव डोके ठेवीत असे त्यांनी दोन्ही लेकींस, न कळत, हा वारसा दिला. मुलगा मात्र त्यातून पूर्णपणे सुटला. त्याच्या मुलाबाळांस या बाजूने कसलेही भय नाही.

आपल्या समाजात कुलवृत्तांत छापण्याची चाल जुनी आहे. त्यात पुत्र, पौत्र, प्रपौत्र यांच्या शाखा पानेच्या पाने चालतात. कन्येचे मात्र नाव येते, ती कोणत्या घरी दिली हे येते, आणि ओळ संपते. ज्या वाटेने हा दोष चालतो नेमकी तीच वाट आपल्या वंशवृक्षात नाही. लेकीबरोबर तो दुसऱ्या आडनावात, दुसऱ्या गोत्रात जातो आणि तेथे नातवाच्या रूपाने प्रकट होतो. मग सासरचे म्हणतात, आमच्या सात पिढ्यांत असे कोणी नव्हते. ते खरेच बोलत असतात. माहेरचेही तसेच म्हणतात आणि तेही खरेच असते. मध्ये उभी राहते ती एकटी आई.

आणि आईस बोल लावण्याची आपली सवय फार जुनी आहे. अंबिकेने डोळे मिटले म्हणून धृतराष्ट्र अंध झाला, अंबालिका भयाने पांढरी पडली म्हणून पंडू तसा झाला, ही महाभारतातील कथा आपण बालपणापासून ऐकतो. कथाकाराचा हेतू काही वेगळा असेल. पण त्या निराधार स्त्रियांच्या एका क्षणाच्या भीतीस आपण कायमचे कारण ठरविले, हेही खरे. या भगिनींस सासूबाई आयुष्यभर म्हणत राहिल्या, ग्रहणात विळीवर बसलीस त्याचे हे फळ. ग्रहणाचा आणि त्या तीन अक्षरांचा काडीचाही संबंध नाही. जनुकाची नक्कल कोणी इच्छेने करीत नाही. ती होते तेव्हा कोणास कळतही नाही. जे इच्छेने केले नाही, जे टाळणे हाती नव्हते, त्याचा अपराध होत नाही. कारण सापडले म्हणून अपराधी सापडला असे समजणे हा विचारातील मोठाच घोटाळा होय. दोष अप्पांकडून आला हे सत्य आहे; अप्पांचा दोष आहे हे असत्य आहे.

येथे कोणी कर्मसिद्धांताचा आधार घेईल. मुलाचे किंवा मातापित्यांचे पूर्वजन्मीचे पाप फळास आले, असे देवळाच्या पायरीवरच आम्ही ऐकले आहे. आमचे नम्र म्हणणे असे की, हा सिद्धांत मनुष्याने स्वतःस सावध करण्यासाठी आहे. शेजाऱ्याची पूर्वजन्मीची खातेवही उघडण्याचा अधिकार त्याने कोणास दिलेला नाही. दुःखितास पाहून त्याच्या पापाचा अंदाज करीत बसणारा त्याच क्षणी स्वतःच्या खात्यावर काय लिहीत असतो, याचा विचार त्याने करावा.

दोष कोणाचाच नाही असे ठरले म्हणजे प्रश्न संपला काय? नाही, येथूनच तो खऱ्या अर्थाने सुरू होतो. जोपर्यंत कारण अज्ञात होते तोपर्यंत त्या भगिनींवर कोणतेही दायित्व नव्हते. ते कळले त्या दिवशी दायित्व जन्मास आले. रात्री वाटेत खड्डा पडला तर तो आपण खणलेला नसतो. पण आपणांस तो दिसला आणि मागून कोणी येत आहे हे ठाऊक असले, तर हाक मारणे आपणांवर येते.

धाकट्या बहिणीचा पक्षही आपण न्यायाने ऐकला पाहिजे. ती दुष्ट नाही. ती मुलीची आई आहे. आपला समाज कसा आहे हे तिने पाहिले आहे. एका घरात असे मूल असले तर त्या घरातील निरोगी मुलींच्या पत्रिकाही परत येतात. वरपक्ष गोत्र पाहतो, नाडी पाहतो, आणि मागाहून कोणाकडून तरी दबक्या आवाजात चौकशी करतो. अशा समाजात मौन हेच मुलीचे कवच आहे असे आईस वाटले तर नवल ते काय? तिच्या मौनाचे पाप तिच्याइतकेच, किंबहुना तिच्याहून अधिक, आपल्या पदरी आहे.

आणखी एक प्रश्न त्या भगिनींनी केला, तो आम्हांस सर्वांत कठीण वाटला. "भाचीला सावध कर असे म्हणता, म्हणजे माझ्या मुलासारखे मूल जन्मास येऊ नये, असाच त्याचा अर्थ ना? मग हा जो माझ्या शेजारी बसला आहे, तो नको होता असे मी म्हणू काय?" मुलगा तेव्हा भिंतीस टेकून प्रसादाचे शेंगदाणे एकेक करून आईच्या ओंजळीत ठेवीत होता.

या शंकेस इतिहासात भयंकर आधार आहे. १९१२ मध्ये हेन्री गॉडर्ड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने एका कुटुंबाविषयी पुस्तक लिहून असे प्रतिपादन केले की, एका मंदबुद्धी स्त्रीपासून पिढ्यान्‌पिढ्या मंदबुद्धी संतती झाली. त्याची पद्धत सदोष होती हे पुढे सिद्ध झाले. पण अशा विचारांच्या लाटेत १९२७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सक्तीच्या नसबंदीचा कायदा उचलून धरला. १९३३ मध्ये जर्मनीने तसा कायदा केला आणि १९३९ पासून तेथील राजवटीने अशा असहाय मुलामाणसांची हत्याच आरंभिली. याच काळात इंग्लंडमध्ये लायोनेल पेनरोज यांनी १२८० बौद्धिक दिव्यांग व्यक्तींचा व त्यांच्या कुटुंबांचा धीराने अभ्यास केला आणि १९३८ मध्ये दाखवून दिले की, या अवस्थेची कारणे एक नसून अनेक आहेत. वंशशुद्धीच्या आरोळीस त्यांनी जन्मभर विरोध केला. तात्पर्य, आनुवंशिकतेचे ज्ञान माणसांस निवडून फेकण्यासाठी वापरले की ते राक्षसी होते.

परंतु राज्याने सक्ती करणे आणि मावशीने भाचीस विश्वासाने एक गोष्ट सांगणे, यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिल्यात माणसाचा निर्णय हिरावला जातो. दुसऱ्यात तो त्याच्या हाती दिला जातो. भाचीने काय करावे हे मावशीने ठरवावयाचे नाही, आम्हीही ठरवावयाचे नाही. ती रक्त तपासून घेईल किंवा घेणार नाही. वाहक ठरली तर गर्भारपणी तिसऱ्या महिन्याच्या सुमारास तपासणी करता येते हे तिला कळेल. कदाचित ती दत्तकाचा विचार करील. कदाचित जे मूल पदरी येईल ते माझे, असे म्हणून पहिल्या दिवसापासून त्याच्यासाठी सज्ज राहील. या भगिनींची सात वर्षे अंगारे-धुपारे व एका डॉक्टराकडून दुसऱ्याकडे फिरण्यात गेली. तिची जाणार नाहीत. यांपैकी कोणत्याही निर्णयात या घंटा वाजविणाऱ्या मुलाच्या जीवनाचे मोल कमी होत नाही. त्याचे मोल त्याच्या आईच्या ओंजळीत पडलेल्या शेंगदाण्यांनी केव्हाच ठरविले आहे.

ज्ञानाने विपत्ती टळल्याचेही उदाहरण आहे. नॉर्वेतील एका मातेची दोन्ही मुले बौद्धिक दिव्यांग होती आणि त्यांच्या लघवीस चमत्कारिक वास येई. माझ्या मुलांस झाले तरी काय, हे विचारीत ती डॉक्टरांमागून डॉक्टर पालथे घालीत राहिली. १९३४ मध्ये डॉक्टर फोलिंग यांनी तिचे म्हणणे मनावर घेतले, तपासणी केली, आणि अन्नातील एक द्रव्य न पचण्याचा फिनाइलकीटोन्यूरिया हा आनुवंशिक विकार सापडला. तिच्या मुलांस त्याचा उपयोग झाला नाही. पण १९५३ मध्ये इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे विशेष आहाराने या विकारात सुधारणा होते असे दिसून आले, आणि आज जन्मतःच टाचेच्या रक्तावरून तो ओळखून पथ्य आरंभिले तर बुद्धीची हानी टळते. ज्यास प्राक्तन म्हटले असते ते आहाराने बदलले. फ्रॅजाइल एक्सवर असा मूलगामी उपाय आज नाही. वाचा, वर्तन व शिक्षण यांत साहाय्य मात्र लवकर मिळाल्यास पुष्कळ फरक पडतो.

हा दुसरा विकार मातापिता दोघेही वाहक असतील तेव्हाच प्रकट होतो. आमच्या सीमाभागात मामाच्या मुलीशी आणि कर्नाटकातील काही समाजांत भाचीशीही विवाह होतात. आतेमामे भावंडांत सरासरी एक-अष्टमांश व मामाभाचीत एक-चतुर्थांश जनुके समान असतात. म्हणून असे विवाह जुळविताना डॉक्टरांचा सल्ला घेणे इष्ट होय. तथापि प्रत्येक बौद्धिक दिव्यांग मुलामागे वंशदोषच असतो असे कोणी समजू नये. डाउन सिंड्रोमचे कारण एक अधिक गुणसूत्र हे १९५९ मध्ये कळले, आणि तो बहुधा वंशपरंपरेने येत नाही. कित्येक जनुकीय बदल त्याच मुलात प्रथम घडतात. प्रसूतीच्या वेळी प्राणवायू कमी पडणे, आयोडिनाची उणीव, मेंदूचा ज्वर, अशी कारणेही आहेत. म्हणून शेजारच्या घराविषयी तर्क करण्यासाठी या लेखाचा उपयोग कोणी करील तर तो आमच्यावर अन्याय होईल.

मग उत्तर काय? आमच्या अल्पमतीप्रमाणे असे: हे ज्ञान गावाचे नाही, वरपक्षाचेही प्रथम नाही. ज्या मुलीच्या पोटी उद्याची पिढी यावयाची, तिचे ते प्रथम आहे. ते तिच्यापासून लपविण्याचा अधिकार मावशीस नाही आणि मातेसही नाही. तिने ते ऐकावे, जाणत्या डॉक्टरांकडून समजून घ्यावे, आणि ज्याच्याबरोबर संसार मांडावयाचा त्यास स्वमुखाने सांगावे. एका सत्याने मोडणारे लग्न मोडलेलेच बरे, असे म्हणणे आम्हांस सोपे आहे. ज्या घरी अक्षता पडावयाच्या त्यांस ते सोपे नाही, हे आम्ही जाणतो. म्हणून उरलेला भार आपण सर्वांनी उचलला पाहिजे. कोणाच्या घरी असे मूल आहे म्हणून त्याच्या बहिणीची पत्रिका आपल्या घरातून परत जाऊ नये. हळदीकुंकवास त्या आईला बोलावताना मुलासह बोलवावे. आणि कोणी विश्वासाने काही सांगितले तर ते देवापुढे ठेवलेल्या फुलासारखे तेथेच राहू द्यावे.

आम्ही हे उत्तर त्या भगिनींस पत्राने कळविले. चैत्रात त्यांचे पत्र आले. त्यांनी बहिणीस विश्वासात घेऊन, तिच्यादेखत, भाचीस सर्व सांगितले. बहीण महिनाभर त्यांच्याशी बोलली नाही. भाची मात्र त्याच रात्री त्यांच्या कुशीत झोपली. तिच्या तपासणीत काय निघाले, लग्नाचे काय झाले, हे पत्रात नव्हते. आम्ही विचारले नाही. वाचकांनीही विचारू नये.

पत्राच्या शेवटी एवढेच होते की, मुलगा अजून आपल्या देवळातील घंटेची आठवण काढतो आणि पुढील कार्तिकात यावयाचे म्हणतो. त्याने अवश्य यावे. आरतीच्या वेळी घंटेखालची जागा त्याच्यासाठी मोकळी ठेवावी, अशी सभासद बंधुभगिनींस आमची विनंती आहे.